लोकसंग्रह आणि घरचा केर

श्रेष्ठ पुरुष जे आचरितो, तेच इतर लोक आचरितात, असे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायाच्या २१ व्या श्लोकात सांगितले आहे. सेवेसाठी माणसे कशी जमवावी, याचे उत्तर त्यातच आहे.

बंगळूर नगराचा केर वर्षानुवर्षे मावळ्ळीपुर, मंडूर या गावांजवळ पडत असे. त्याची दुर्गंधी ग्रामस्थांनी सोसली. त्यांच्या विरोधामुळे २०१२ साली मावळ्ळीपुर येथे केर टाकणे बंद झाले आणि प्रश्न नगराच्याच दारी आला. त्याच नगरातील एचएसआर लेआउट या वसाहतीत नागरिकांच्या पुढाकाराने 'स्वच्छाग्रह कलिका केंद्र' उभे राहिले. 'कलिका' म्हणजे कन्नडमध्ये शिक्षण. ओल्या केराचे खत घरी व सोसायटीत कसे करावे, हे तेथे निरनिराळी साधने मांडून दाखविले जाते.

या सेवेचे द्रव्य म्हणजे भाजीची साले आणि वाळलेली पाने. दान म्हणजे रोजचा थोडा वेळ. जो प्रथम स्वतःच्या घरी केर वेगळा करितो, त्याचेच शब्द शेजारी ऐकतो. सृष्टीचे चक्र जो पुढे चालवीत नाही, त्याचे जिणे १६ व्या श्लोकात व्यर्थ म्हटले आहे. साले मातीत, मातीतून पुन्हा अन्न, हे त्या चक्राचे घरगुती रूप होय. आपला भार दुसऱ्याच्या दारी न टाकणे, हीच गृहस्थाची पहिली लोकसेवा.