वैद्यक संशोधकांच्या कुंडल्या कशा तपासाव्यात

नामवंत वैद्यक संशोधकाची पत्रिका समोर आली की षष्ठातला मंगळ, अष्टमातला केतू, नाहीतर शततारका नक्षत्र, काही ना काही हाती लागतेच. नाव आधी कळले की कारणे आपोआप सुचतात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवायचा: नियम आधी, कुंडली नंतर.

साहित्य: कुंडलीचे कोणतेही एक सॉफ्टवेअर, कोरी कार्डे, वही, आणि ज्योतिष जाणणारा पण यादी न पाहिलेला एक मित्र.

1. नियम लिहून काढा. उदाहरणार्थ, ‘मंगळ, गुरू किंवा केतू यांपैकी एक तरी 6, 8 किंवा 10 या भावांत हवा.’ हा नियम किती सैल आहे ते लगेच मोजा. एक ग्रह बारांपैकी या तीन भावांत पडण्याची शक्यता पाव. तिन्ही ग्रह चुकण्याची शक्यता ¾ × ¾ × ¾, म्हणजे सुमारे 42 टक्के. याचा अर्थ रस्त्यावरची कोणतीही शंभर माणसे घेतली तरी 58 जणांना हा योग लागू पडणार. रवी-बुध युतीवर तर विसंबूच नका. बुध रवीपासून 28 अंशांपलीकडे जातच नाही.

2. यादी दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली घ्या. 1901 पासूनचे वैद्यकाचे नोबेल मानकरी चालतील. मात्र घ्यायचे तर ओळीने सगळे, आवडते तेवढे नव्हे. फ्रान्समध्ये मिशेल गोक्लँ यांनी 1955 साली हेच केले. त्यांनी वैद्यक अकादमीचे 576 सदस्य घेतले आणि जन्मवेळा सरकारी जन्मनोंदींतून मिळवल्या.

3. जन्मवेळेची शहानिशा करा. हरगोविंद खुराना यांची कागदोपत्री जन्मतारीख 9 जानेवारी 1922. खरी तारीख ठाऊक नाही. अशी नावे गाळा. शाळेच्या दाखल्यावरचा ‘1 जून’ आपल्याकडे घरोघरी असतो, त्याचेही तेच. पावलोव्ह यांचा जन्म 26 सप्टेंबर 1849 चा, पण जुन्या रशियन पंचांगात ती तारीख 14 सप्टेंबर. बारा दिवसांच्या फरकाने चंद्र पाच राशी सरकतो. मुंबईतल्या जुन्या जन्मवेळा ‘मुंबई टाइम’मध्ये आहेत का ते विचारा. ती वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे 39 मिनिटे मागे होती आणि शहरात 1955 पर्यंत चालली. तेवढ्या वेळात लग्न साधारण दहा अंश पुढे जाते. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या युद्धकाळात भारतातली घड्याळे तासभर पुढे होती, हेही ध्यानात ठेवा.

4. अयनांश एकच ठेवा. चित्रापक्ष आणि टिळक पंचांगाचा रैवतपक्ष यांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. राशीच्या टोकाशी असलेला ग्रह तेवढ्याने घर बदलतो. निकाल पाहून अयनांश बदलला, तर सगळी मेहनत वाया.

5. तुलनेचा गट करा. नियम भावांचा असेल तर तारीख आणि स्थळ तेच ठेवून जन्मवेळा चिठ्ठ्या टाकून आपसांत बदला. नियम राशींचा असेल तर त्याच वर्षांत जन्मलेली इतर क्षेत्रांतली माणसे घ्या. शनी एका राशीत अडीच वर्षे असतो. एकाच सुमारास जन्मलेले संशोधक आणि त्यांचे शेजारी यांचा शनी एकच निघणार.

6. नावे झाका. दोन्ही गटांची कार्डे पिसून फक्त क्रमांक घाला, नाव आणि जन्मतारीख नको. मित्राने प्रत्येक कार्डावर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे.

7. मोजा. वरच्या नियमाला शंभरात 48 ते 68 इतका चढउतार निव्वळ नशिबाने होतो. तुलनेच्या गटात 58 आणि संशोधकांत 62 आले, तर हाती काही लागले नाही असेच म्हणायचे.

8. नवी यादी घेऊन पुन्हा तपासा. उगवल्यानंतर किंवा माथ्यावरून गेल्यानंतर लगेचच्या भागात मंगळ आणि शनी जास्त वेळा आढळतात, असे गोक्लँ यांना दिसले. त्यांनी मग आणखी 508 डॉक्टर तपासले. त्यांचा दावा आजही वादात आहे. राशींना मात्र त्यांच्याच आकड्यांनी आधार दिला नाही. पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार व बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना दिल्या होत्या. 27 जणांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहिल्या आणि सरासरी 46 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तर 50 आली असती.

9. निकाल लिहिताना किती नियम तपासले तेही लिहा. वीस नियम लावले तर एखादा नुसत्या योगायोगाने जुळतोच. उरलेले एकोणीस वहीत दिसले पाहिजेत.