टपालाने पाठविलेले मत पोचले का?

समजा, मावळातला एक जवान लडाखमध्ये नेमणुकीवर आहे. त्याचे नाव गावाकडच्या मतदारयादीच्या शेवटच्या भागात, सेवा मतदारांमध्ये असते. तो कागदावर खूण करून आपले मत टपालाने पाठवितो. पाकीट पेटीत पडले, पुढे काय? ते मोजले गेले, की वाटेतच कोठे अडकले? हे त्याला कसे कळावे?

प्रश्न लहानसहान नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत १८,०२,६४६ सेवा मतदारांची नोंद होती आणि १०,८४,२६६ मतपत्रिका परत आल्या. उरलेल्या सात लाखांहून अधिक मतदारांपैकी किती जणांनी मत दिलेच नाही आणि किती पाकिटांना उशीर झाला, हे या आकड्यांवरून कळत नाही. मतमोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेले पाकीट धरत नाहीत.

पूर्वी मतपत्रिका टपालाने जायची आणि टपालानेच यायची. आता त्यातला जाण्याचा प्रवास वाचला आहे. मतपत्रिका संगणकाच्या जाळ्यावरून जाते व तिकडे छापून घेतात. परत मात्र ती टपालानेच येते. ही पद्धत निवडणूक आयोगाने सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेच्या साहाय्याने तयार केली. २०१६ साली पुदुच्चेरीतील नेल्लितोप मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली गेली.

परत येणारे पाकीट कसे असते ते पाहू. (निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या शिक्षकांना हे परिचयाचे असेल.) आतल्या लहान पाकिटात मतपत्रिका असते. बाहेरच्या मोठ्या पाकिटात हे लहान पाकीट आणि मतदाराने सही केलेले घोषणापत्र असते. मतपत्रिकेचा क्रमांक लहान पाकिटावर व घोषणापत्रावर, दोन्हीकडे लिहिलेला असतो. मोजणीच्या वेळी पाकिटावरील क्यूआर कोड यंत्राने वाचतात, म्हणजे एकाच मताची दोन पाकिटे आली असल्यास ते उघडकीस येते. घोषणापत्रावर सही नसेल, किंवा क्रमांक जुळत नसेल, तर लहान पाकीट उघडतच नाहीत.

आता खरी गंमत. योग्य ठरलेली सर्व घोषणापत्रे वेगळी काढून मोहोरबंद करतात, आणि मगच लहान पाकिटे फोडतात. नाव आणि मत यांना जोडणारा धागा येथे मुद्दाम तोडलेला असतो.

धागा तुटण्यापूर्वीच्या दोन गोष्टी, पाकीट पोचले का आणि ते ग्राह्य ठरले का, मतदाराला कळविण्यास गुप्ततेची आडकाठी नाही. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने सैनिक व परदेशस्थ मतदारांना पाकीट पोचल्याचे विनामूल्य पाहता येईल अशी सोय करणे बंधनकारक झाले. सही राहून गेल्याने मत बाद झाले, तर जवानाला ते कळायलाच हवे असे मला वाटते. पुढच्या वेळी तो चुकणार नाही.

धागा तुटल्यावर मात्र पंचाईत होते. ‘तुमचे मत अमक्या उमेदवाराच्या खाती जमा झाले’ अशी पावती दिली तर ती विकताही येईल, आणि कोणी धाक दाखवून मागूनही घेईल. मतदाराची खात्री पटावी, पण दुसऱ्याला काहीच कळू नये, अशी पावती असू शकते का?

असू शकते. पीटर रायन या संगणकशास्त्रज्ञाची युक्ती वर्गातच करून पाहा. कागदाला मधोमध उभी घडी घाला. डावीकडे उमेदवारांची नावे लिहा, पण प्रत्येक कागदावर वेगळ्या क्रमाने. उजवीकडे रिकाम्या चौकटी व खाली कागदाचा क्रमांक. फुली मारल्यावर डावी पट्टी फाडून नष्ट करा. उजवीवर उरले काय? ‘क्रमांक ३७, दुसऱ्या चौकटीत फुली.’ ३७ व्या कागदावर दुसरे नाव कोणाचे होते हे फक्त मोजणाऱ्यांजवळच्या कुलूपबंद यादीत आहे. (प्रत्यक्षात ती माहिती सांकेतिक लिपीत असते व तिच्या किल्ल्या अनेकांत वाटलेल्या असतात.) उजव्या पट्टीची नक्कल जवळ ठेवा, मूळ पट्ट्या फळ्यावर लावा, आणि प्रत्येकाने आपली पट्टी ताडून पाहावी.

सगळ्यांनी तपासायलाच हवे असेही नाही. १००० पट्ट्यांपैकी १० कोणी बदलल्या आणि केवळ १०० मतदारांनी आपापली पट्टी तपासली, तर लबाडी निसटण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५. तपासणारे ३०० झाले तर ०.७ चा दहावा घात, म्हणजे जेमतेम ०.०३!

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २०१४ च्या निवडणुकीत काही मतदारांसाठी ही पद्धत वापरली गेली, पण ती मतदान केंद्रांवर. टपालाच्या मतात एक अडचण राहते. केंद्रावर डावी पट्टी सर्वांदेखत नष्ट करता येते. दूर एकटा बसलेला मतदार ती खिशात ठेवू शकतो, आणि दोन्ही पट्ट्या जोडून दाखविल्या की मत उघड झाले. ती पट्टी खरोखर नष्ट झाली हे शेकडो मैलांवरून कसे तपासाल? तुम्हाला काही युक्ती सुचते का पाहा.