पाण्याच्या मापाने परसबाग : बेंगळुरूच्या उन्हाळ्यारंभी घरच्या भाजीपाल्याची निगा

२०२४ च्या मार्च महिन्यात बेंगळुरूच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळाने पिण्याचे पाणी बागेस घालण्यावर, वाहने धुण्यावर आणि बांधकामासाठी वापरण्यावर बंदी घातली व नियम मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविला. आदल्या वर्षीचा पावसाळा अपुरा झाला होता आणि शहरातील सुमारे १४,००० शासकीय कूपनलिकांपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्या होत्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि साधारण ५०० मीटर उंच उपसून आणावे लागते. हे ध्यानात घेता मंडळाचा आदेश गैरवाजवी म्हणता येत नाही. परंतु गच्चीवर, अंगणात वा सज्जात भाजीपाला पिकविणाऱ्या कुटुंबांपुढे त्यामुळे सरळ प्रश्न उभा राहिला : नळाचे पाणी न घेता परसबाग जगविता येईल काय?

येईल, मात्र बागेचा आकार हौसेने ठरवून चालणार नाही. घरात उरणाऱ्या पाण्याने तो ठरवावा लागेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचविलेल्या लातूरच्या किंवा टँकरवर अवलंबून असलेल्या कोणत्याही गावच्या विस्तार कार्यकर्त्यास हा विचार परका वाटणार नाही. म्हणूनच बेंगळुरूचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने घेतले आहे.

हिशेब आधी, पेरणी नंतर

एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. बेंगळुरूत मार्च-एप्रिलमध्ये दुपारचे तापमान सरासरी ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते व हवा कोरडी असते. अशा वेळी जमीन पूर्ण झाकणाऱ्या पिकास दर चौरस मीटरला दररोज साधारण ५ ते ६ लिटर पाणी लागते. येथे कुंडीच्या तोंडाचे क्षेत्र धरू नये, पानांच्या पसाऱ्याचे क्षेत्र धरावे. दुधी भोपळ्याचा एक वेल एका पिशवीत वाढतो खरा, पण मांडवावर तो तीन-चार चौरस मीटर पसरला की त्याची तहानही तेवढीच असते. गच्चीवरील बागेचा हिशेब बहुधा या ठिकाणीच चुकतो.

आता घरातील बाजू पाहावी. तांदूळ, डाळी, भाज्या व फळे धुतलेले पाणी चार दिवस एका बादलीत साठवून मोजावे व त्याची सरासरी काढावी. समजा ती दररोज २० लिटर आली, तर एप्रिलमध्ये सुमारे चार चौरस मीटर पानांचा पसारा सांभाळता येईल. आच्छादन व दुपारची सावली दिल्यास थोडे अधिकही चालेल, मात्र ती वाढ आधीच गृहीत धरून पेरणी करू नये. चाळीस कुंड्या अर्धपोटी ठेवण्यापेक्षा बारा कुंड्या नीट पोसाव्यात. अर्धवट पाण्यावरील झाड जगते, परंतु फुले गाळते आणि लाल कोळ्यास आमंत्रण देते. अशा झाडाला दिलेले पाणी वायाच गेले असे समजावे.

कोणते पाणी, कोणते नव्हे

धुण्याचे पाणी साठवताना त्यात मीठ, तेल वा साबण गेलेला नसावा. भांडी घासलेले आणि कपडे धुण्याच्या यंत्रातून आलेले पाणी भाजीपाल्यास देऊ नये. तांदळाचे पाणी त्याच दिवशी वापरावे. ते दुसऱ्या दिवशी आंबते आणि त्यावर चिलटे जमतात.

बेंगळुरूतील मोठ्या गृहसंकुलांत आणखी दोन प्रकारचे पाणी हाताशी असते व दोन्हींबाबत गैरसमज आहेत. पहिले, कूपनलिकेचे कठीण पाणी मिठाच्या साहाय्याने मृदू करणाऱ्या यंत्रातून आलेले. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम निघून जाऊन त्यांच्या जागी सोडियम येते. साबणाला फेस चांगला येतो, पण मातीची घडण बिघडते, पृष्ठभाग घट्ट बसतो व मुळांना हवा मिळत नाही. हे पाणी कुंडीला कधीही देऊ नये. त्यापेक्षा यंत्रात जाण्यापूर्वीचे कठीण पाणी परवडले. दुसरे, पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आर.ओ. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी. ते दिसते स्वच्छ, परंतु मूळ पाण्यातील क्षार त्यात एकवटलेले असतात. फरशी पुसण्यास ते उत्तम. भाजीला द्यावेच लागले तर दुप्पट साध्या पाण्यात मिसळून, आठवड्यातून एकदोनदाच द्यावे. फरसबीला तर देऊच नये, कारण क्षारांना ती फार हळवी आहे. पानांच्या कडा करपणे आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर येणे ही क्षार साचल्याची खूण होय. संकुलातील सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी शोभेच्या झाडांना व शेवग्यासारख्या उंच झाडांच्या बुंध्याशी देण्यास हरकत नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, कोथिंबीर व काकडी यांना ते वर्ज्य समजावे.

पिकांची निवड

हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘अर्का’ वाणांपैकी काही उन्हाळी परसबागेस विशेष उपयुक्त आहेत. योगायोग असा की, १८९४ मध्ये अर्कावती नदीवर बांधलेल्या याच हेसरघट्ट्याच्या जलाशयाने बेंगळुरूला पहिल्या नळयोजनेचे पाणी पुरविले होते.

कमी पाण्यात अधिक अन्न देणारे पीक म्हणून पहिला क्रमांक माठाला द्यावा. उष्ण व प्रखर प्रकाशात माठाची वाढ जोमाने होते आणि पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे तो अनेक भाज्यांपेक्षा जास्त पाला देतो. ‘अर्का सुगुणा’ हा हिरवा माठ पेरणीनंतर २५ ते ३० दिवसांत पहिल्या कापणीस येतो व त्यानंतर सुमारे तीन महिन्यांत पाच-सहा कापण्या देतो. तांबडा माठ हवा असल्यास ‘अर्का अरुणिमा’ घ्यावा. मुळासकट उपटू नये. जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावा. कर्नाटकात दंटु, हरिवे अशा नावांनी विकले जाणारे माठाचे प्रकारही याच कामाचे आहेत. मायाळू व अंबाडीही उन्हाळा सोसतात. कोथिंबीर मात्र या दिवसांत लवकर फुलावर येते व तिची उगवणही विरळ होते. तिच्यासाठी सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळणारी जागा असेल तरच प्रयत्न करावा.

भेंडी हे दुसरे भरवशाचे पीक. ‘अर्का अनामिका’ हा वाण भेंडीच्या रानटी नातेवाइकाशी संकर करून केवडा रोगास प्रतिकारक म्हणून तयार करण्यात आला. आज काही भागांत त्याची प्रतिकारशक्ती पूर्वीइतकी टिकलेली नाही. म्हणून शिरा पिवळ्या पडलेले पहिले झाड दिसताच ते उपटून टाकावे व पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवावे. दीड चौरस मीटरमध्ये आठ-दहा झाडे बसतात. फेब्रुवारीअखेर पेरल्यास एप्रिलच्या मध्यापासून तोडा सुरू होतो.

टोमॅटोबद्दल स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या वर व रात्रीचे २१-२२ अंशांच्या वर गेले की परागकण दुबळे होतात आणि फुले गळतात. बेंगळुरूचा एप्रिल नेमका या सीमेवर असतो. त्यामुळे जानेवारीत लावलेली व मार्चपूर्वी फळधारणा झालेली झाडे जपावीत, मार्चमध्ये नवी रोपे लावू नयेत. लावणीच्या वेळी ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण निवडला असल्यास पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींपासून बचाव होतो. फरसबीलाही हाच नियम लागू आहे : बेंगळुरूत सावलीखाली ती मार्चअखेरपर्यंत शेंगा देते, पण सोलापूर वा नांदेडच्या ४० अंशांत तिचा नाद सोडावा व ती जागा गवारीस द्यावी.

मूळ थंड, पान सावध

गच्चीची काँक्रीट फरशी दुपारी तापते व सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्णता सोडत राहते. कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवाव्यात व एकमेकींस चिकटून मांडाव्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीच्या अंगावर पडते. पश्चिमेकडील रांगेस गोणपाट गुंडाळावे. काळ्या प्लॅस्टिकच्या लहान पिशव्यांतील मुळे अक्षरशः शिजतात. १५ लिटरपेक्षा लहान पिशवीत या दिवसांत फळभाजी लावू नये. सर्वत्र ओली माती भरण्याचा मोह मात्र टाळावा. ३० सेंटिमीटर ओल्या मातीचा भार दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो. माती, कुजलेले खत व कोकोपीट समभाग घेतल्यास भार कमी होतो व ओलही टिकते. कोकोपीट ताजे असल्यास दोन-तीन वेळा धुऊन त्यातील क्षार काढून टाकावेत.

आच्छादनासाठी बेंगळुरूसारखे भाग्यवान शहर विरळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेची झाडे पानगळ करतात आणि तो पाचोळा गोळा करून बऱ्याच ठिकाणी जाळला जातो. तोच पोत्यात भरून आणावा व पाच-सात सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडावी. पाणी वाचविण्याचा याहून स्वस्त उपाय नाही, आणि माझ्या मते ठिबक संच विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने हा करून पाहावा. मोठ्या वाफ्यात मटका सिंचनही उत्तम चालते : रंग न दिलेले, दोन-तीन लिटरचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावे व झाकण ठेवावे. ओल झिरपत मुळांपाशीच जाते, पृष्ठभाग कोरडा राहतो आणि तणही कमी येते.

सावलीसाठी ३५ ते ५० टक्के शेडनेट पुरे. ते सकाळी ११ ते दुपारी ४ एवढाच वेळ ओढावे. दिवसभर झाकलेली भेंडी उंच वाढते पण फळे कमी देते.

पाणी भल्या सकाळी द्यावे. दोन पेर खोल बोट खुपसून माती ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. दुपारी दोडक्याची वा भोपळ्याची पाने लोंबली म्हणून घाबरून पाणी ओतणे चूक आहे. मुळे शोषतात त्याहून जास्त पाणी पाने हवेत सोडतात तेव्हा असे होते व संध्याकाळी पाने पुन्हा ताठ होतात. सकाळीच पाने मलूल असतील तर झाड खरोखर तहानलेले आहे. माती ओली असूनही टोमॅटो वा वांगे मलूल दिसले, तर खोडाचा तुकडा कापून पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. दुधासारखी धार उतरली तर ती जिवाणूजन्य मर आहे. ते झाड मातीसह काढावे आणि त्या कुंडीत माठ पेरावा.

टोमॅटोच्या फळाचा बुड काळा पडून आत दबतो तेव्हा अनेकजण चुना वा अंड्याची टरफले घालतात. कॅल्शियम मातीत बहुधा पुरेसे असते. एक दिवस कोरडे व एक दिवस चिखल अशा अनियमित पाण्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. थोडे, पण ठरल्या वेळी पाणी देणे हाच त्यावर उपाय.

कीड आणि परागीभवन

कोरड्या उष्णतेत लाल कोळी सर्वांत जलद वाढतो. पानाच्या वर पिवळसर ठिपके व खाली बारीक जाळी दिसते. सुरुवातीसच पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारावा. दोन दिवसांनी निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. गंधकाची फवारणी भर उन्हाळ्यात करू नये, पाने भाजतात. पिठ्या ढेकूण दिसल्यास आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्याच त्यास एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात.

उंच इमारतींच्या गच्चीवर मधमाश्या कमी येतात. दुधी व दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात, तर काकडी, कारले व तांबडा भोपळा यांची सकाळी. त्या त्या वेळी नरफुलाचे केसर मादीफुलाच्या टोकास हलकेच लावावे. वेलास फुले येऊनही फळ पिवळे पडून गळत असेल, तर खत वाढविण्यापूर्वी हे करून पाहावे.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून वळिवाचे ढग येऊ लागतात. बेंगळुरूत ते बहुधा दुपारनंतर, जोराचा वारा व कधी गारा घेऊन येतात. तोपर्यंत मांडवाच्या दोऱ्या बदलून घ्याव्यात आणि शेडनेट चारही कोपऱ्यांस पक्के बांधावे. पहिल्या सरीनंतर दोन दिवस पाणी थांबवावे, कुंड्यांच्या तळाची भोके मोकळी आहेत ना ते पाहावे आणि गच्चीवरून वाहणारे पाणी पिंपात धरावे. क्षार साचलेल्या कुंड्या धुऊन काढण्यास पावसाचे हेच पाणी सर्वांत चांगले.