गोल्फची बॅग, हुरड्याची आगटी आणि तीन दिवसांचे बिल

भाच्याने अमेरिकेहून येताना साडेचार फुटांची एक लांबोडकी बॅग आणली. ती जिन्याने वर नेताना खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारले, "भजनी मंडळात वीणा धरतो का पोरगं?" आत गोल्फच्या काठ्या होत्या. दुसऱ्या दिवशी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत प्रश्न आला, "मामा, इथं जवळ कोर्स कुठं आहे?"

जालना जिल्ह्यात, बाहेरच्या माणसाने पैसे भरून खेळावे असा कोर्स नाही. लोखंडी सळया आहेत, बियाणे आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी आहे. १८२७ पासून १९०३ पर्यंत इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणजे गोरा साहेब पाऊण शतक राहून गेला. पण जाताना हा खेळ काही मागे ठेवला नाही. तेव्हा गाडी काढावी लागते. मी स्वतः काठी धरत नाही, पण त्या डिसेंबरात सगळा हिशेब माझ्याकडेच होता. घरी सुट्टीला असा कुणी येणार असेल किंवा तुम्हालाच शौक लागला असेल, तर तो हिशेब उपयोगी पडेल.

आधी एक फसगत टाळा. मोबाइलवर नाशिकचा गोल्फ क्लब शोधला की नकाशा तुम्हाला सरळ शहराच्या मध्यभागी नेऊन सोडेल. ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. लोक त्याला अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात, पण तिथे रणजीचे क्रिकेट सामने होतात आणि पहाटे लोक चालायला येतात. छावण्यांमधले कोर्स लष्कराचे असतात, तिथे ओळख आणि परवानगी लागते. मुंबईतले चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा पुण्यातले येरवड्याचे कोर्स सदस्यांचे. सदस्य ओळखीचा असेल तर त्याचा पाहुणा म्हणून जाता येते, आणि पाहुण्याची फी सदस्यापेक्षा बरीच जास्त असते. उरतात ते बाहेरच्यांना खेळू देणारे: नवी मुंबईत सिडकोचा खारघर व्हॅली आणि पुण्याला बावधनकडे ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट. पुणे जालन्याहून तीनशे किलोमीटर आणि वाटेत अहिल्यानगरची गर्दी. खारघर त्याहून लांब, पण समृद्धी महामार्गामुळे प्रवास सरळ. आम्ही खारघर धरले.

जालन्यात निधोन्याला समृद्धीवर चढायचे आणि भिवंडीजवळ आमण्याला उतरायचे. हे अंतर साधारण ३३० किलोमीटर. मोटारीला १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे, म्हणजे एका बाजूचे ६८० रुपये. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. फास्टॅगचा वार्षिक पास घेतला म्हणजे समृद्धीही त्यात आली, असे वाटते. तो पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धी रस्ते विकास महामंडळाचा, तिथे पैसे वेगळे कापले जातात. फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवूनच निघा.

आमण्याहून खारघर आणि गावातले फिरणे धरून जाऊन-येऊन ७८० किलोमीटर झाले. गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर ५२ लिटर, ५,४६० रुपये. निघण्यापूर्वी टायरमधली हवा आणि टायरचे वय दोन्ही बघा. सरळ काँक्रीटवर ताशी १२० ने तासन् तास गाडी पळाली की जुने टायर तापतात आणि दगा देतात. खाण्याचे थांबेही मनाजोगे सापडत नाहीत. ताईने धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. वाटेतल्या जेवणाचे चार-पाचशे रुपये वाचले ते त्यामुळे.

दोघेच असाल तर रेल्वेचा विचार करा. वंदे भारत पूर्वी जालन्याहून सुटायची, आता नांदेडहून येते; जालन्याला सकाळी बसायचे, ठाण्याला उतरायचे आणि पनवेलची लोकल धरून खारघर. आठवड्यातून एक दिवस ती गाडी नसते, तो आधी बघा. चेअर कारला माणशी बाराशे धरले तर दोघांचे जाऊन-येऊन ४,८०० रुपये होतात. मोटारीचे पेट्रोल आणि टोल मिळून सात हजारांच्या घरात जातात. अडचण एकच, ती वीणा. डोक्यावरच्या फळीत ती नीट बसत नाही, दारापाशी उभी केली तर येणारा-जाणारा ठेचकाळतो, आणि दुपारच्या लोकलमध्ये तिला सांभाळणे म्हणजे एक माणूस जास्तीचा. चौघे असाल तर मोटारच स्वस्त.

आता खेळाचे पैसे. कोर्सवर फी एकच असते असे समजून कुणी जाऊ नये. ग्रीन फी म्हणजे नुसते मैदानात शिरण्याचे. ती शनिवार-रविवारी जास्त, नऊ होलला वेगळी, अठराला वेगळी, आणि परदेशी पासपोर्ट असेल तर कुठे कुठे निराळीच. भाच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे हे सांगायला एक फोन जास्तीचा झाला. वर कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा आणि चेंडू कुठे पडला ते हेरणारा माणूस. खेळाच्या नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. त्या घेऊन उन्हात चार-साडेचार तास चालायचे, तेव्हा कॅडीत काटकसर करू नका. त्याची ठरलेली रक्कम आणि खेळ संपल्यावर हातात द्यायची बक्षिसी, दोन्ही धरा. काठ्या नसतील तर भाड्याचा संच मिळतो. डावखुऱ्या माणसाने मात्र आधी विचारून घ्यावे, कारण तसे संच मोजकेच असतात. चेंडू हरवतात. भाच्याने सहा हरवले, त्यातले दोन पाण्यात. चांगल्या कंपनीचा नवा चेंडू दोन-तीनशेला पडतो, म्हणून हरवायच्या जागी वापरलेले चेंडू खेळायचे, हे त्याला कॅडीने शिकवले.

फोनवर एवढे विचारा: सगळ्या करांसकट एका माणसाचे किती होतील, कॅडी त्यात आहे का, वेळ आगाऊ राखावी लागते का, ती रद्द केली तर पैसे परत मिळतात का, कोणत्या वारी बंद असते. बरेच कोर्स सोमवारी डागडुजीसाठी बंद ठेवतात. कपड्यांचेही विचारा. कॉलरचा टी-शर्ट लागतो, जीन्स चालत नाही, गोल गळ्याच्या बनियनवजा टी-शर्टला दारातूनच परत पाठवतात. या सगळ्यासाठी मी खेळणाऱ्या माणसामागे पाच हजार बाजूला काढले होते, आणि वरून काही मागावे लागले नाही.

ज्याने कधी काठी धरली नाही त्याने कोर्सची फी भरू नये. ड्रायव्हिंग रेंजवर जावे. चेंडूंची बादली विकत घ्यायची, एका जागी उभे राहून ते मारायचे, वेचायला आपण जायचे नाही. काहीशे रुपयांत तास जातो. मीही एक बादली घेतली. पहिल्या दहा फटक्यांत काठी सात वेळा चेंडूच्या वरून गेली, दोनदा गवताला लागली, एकदा चेंडू वीसेक पावले घरंगळला. शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी एकेक चेंडू दूरच्या पाटीपल्याड पाठवत होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिले आणि फार सभ्यपणे नजर वळवली.

पहाटेची वेळ मिळाली तर आदल्या रात्री मुक्काम आलाच. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाला बाराशे मोजायचे की नाही ते खोली घेताना ठरवा. आम्ही चार हजारांची घेतली, ४,२०० झाले. रात्री जेवलो त्या हॉटेलाने बिलात गुपचूप दहा टक्के सेवा शुल्क लावले होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार ते आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या आहेत. मी बिल परत केले, मॅनेजरने तोंड वाकडे करून ती ओळ काढली. नाही काढली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वेटरला खुशीने द्यायचे ते द्यावे, आम्हीही दिले.

खारघरच्या दोन दिवसांचे एकूण: पेट्रोल ५,४६०, समृद्धीचा टोल १,३६०, इतर टोल आणि पार्किंग ३००, खोली ४,२००, खेळ ५,०००, दोघांचे खाणे २,०००. मिळून १८,३२० रुपये. पावसाळ्यात जाऊ नका, कोकणातल्या पावसात मैदान चिखलते; नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे.

तिसरा दिवस जिल्ह्यात काढला. तो मला जास्त आवडला, आणि खिशालाही.

जालना-राजूर-भोकरदन ही एकच वाट धरली की सकाळी राजुरेश्वराचे दर्शन होते आणि पुढे भोकरदनपलीकडे असई येते. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. वाटाडे म्हणत होते की नदीला उतार नाही. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. अशी गावे आहेत म्हणजे मधे पाय टाकण्यासारखी जागा असणारच, असे त्याने ताडले आणि फौज घातली. जिंकला खरा, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसे मेली किंवा जखमी झाली. आज तिथे तिकीट नाही, गाइड नाही, चहाची टपरी सापडली तर नशीब. कापूस आणि मक्याच्या शेतांतून बांधाबांधाने चालायचे. भाच्याने डोळ्यांवर हात धरून नदीकडे उतरणारा चढ-उतार बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "मामा, इथं अठरा होल आरामात बसतील." शेतमालकाला विचारून ये म्हटले.

अजून एक दिवस हाताशी असेल तर भोकरदनहून सिल्लोडमार्गे अजिंठा गाठता येतो. तिकीट ४० रुपये, सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद. दक्षिणेला जायचे तर अंबडची मत्स्योदरी देवी आणि घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ, समर्थ रामदासांचे जन्मगाव. दोन्ही ठिकाणी खर्च पेट्रोलचा आणि नारळाचा.

परतताना दुपारी ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा आणि येसराची आमटी. साध्या खानावळीत माणशी दीडशे-दोनशे. शहरात मोसंबीचा रस, तो डोळ्यांदेखत काढून घ्यावा, बर्फ नको म्हणून सांगावे. संध्याकाळी हुरडा. शेत ओळखीच्याचे असेल तर एक नारळ पुरतो. पैसे घेऊन हुरडा खिलवणारी ठिकाणे जेवणासकट माणशी तीन-चारशे घेतात. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे खुपसतात, वाफ निघाली की बाहेर काढून हातावर चोळतात. तळहाताला चटका बसतो, हिरवे दाणे फुंकरीने भुसातून मोकळे होतात, आणि ते निवायच्या आत तोंडात टाकायचे असतात. गोल्फचे हातमोजे घालून चोळू का, असे भाच्याने विचारले. शेतकऱ्याने फक्त त्याचा तळहात बघितला आणि स्वतःच्या हाताने त्याला चोळून दिला.

त्या दिवसाचे पेट्रोल १५० किलोमीटरचे १,०५०, खाणे आणि रस ६००, हुरडा ८००, एकूण २,४५०.

हुरड्याला शुक्रवारपर्यंत फोन करून ठेवा, रविवारी आगटीभोवती जागा मिळत नाही. जानेवारी सरत आली की दाणा कडक होऊ लागतो. गूळ आणि लसणाची चटणी घरचीच न्या.