तळ्यातील पहारेकरी

पावसाळा सरून तळ्याचे पाणी निवळले म्हणजे काठाच्या शेवाळात काही चपटे, तपकिरी कीटक दिसू लागतात. ढेकणाच्याच जातकुळीतील हे प्राणी पाण्यातील पट्टीचे शिकारी होत. मुले त्यांस दगड मारतात. त्यांच्या वतीने आम्ही येथे चार शब्द लिहीत आहोत.

या कीटकांस चावावयास दात नसतात. टोकदार सोंड असते. पुढील पायांनी भक्ष्य धरून ते सोंड खुपसतात, आत पाचक रस सोडतात आणि विरघळलेले मांस शोषून घेतात. पाणविंचवाच्या शेपटाकडील लांब काडी ही नांगी नव्हे, श्वास घेण्याची नळी होय. दुसरी एक जात सदैव उताणी पोहते. लेथोसेरस नावाचा सर्वांत मोठा कीटक सुमारे 7 सेंटिमीटर भरतो व लहान मासेही धरतो. म्हणून मत्स्यपालकांस तो आवडत नाही.

परंतु या क्रूर दिसणाऱ्या कुळात वात्सल्यही आहे. डिप्लोनिकस जातीची मादी नराच्या पाठीवरच अंडी चिकटविते. पिले बाहेर पडेपर्यंत नर तो भार वाहतो व पृष्ठभागाशी येऊन अंड्यांस हवा देतो. पंखांवर अंडी असल्यामुळे तितके दिवस त्यास उडताही येत नाही. शलमोनाने आळशास मुंगीकडे पाठविले. बेफिकीर पित्यास आम्ही या किड्याकडे पाठवू.

रोनाल्ड रॉस यांस 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. त्या डासांच्या अळ्या पाण्यातच वाढतात, आणि आमचे हे शिकारी त्यांस आवडीने खातात. तळ्यात तेल ओतले तर अळ्या मरतात खऱ्या. पण श्वासासाठी वर येणारे शिकारीही गुदमरतात. पुढे आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडू लागते. शिकाऱ्यांच्या पिलांस मात्र वाढावयास कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात तळे पहारेकऱ्यावाचून राहते.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, घरातील पिंपे व कुंड्यांखालील बशा आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्या, कारण तेथे पहारेकरी नसतो. तळ्यात मात्र तेल वा कचरा टाकू नये. विद्यार्थिमित्रांनो, हे कीटक हाती धरू नका, दंश फार झोंबतो. काठावर स्वस्थ बसून पाहा. निर्माणकर्त्याने ज्यास काम नेमून दिले आहे, त्यास निरुपयोगी ठरविण्यापूर्वी त्याचे काम तरी पाहावे.