रंगाखालचे अस्तर : प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारींकरिता ते कसे निवडावे?



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात तान्हा पोळा भरतो. दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली तो सुरू केला, असे परंपरेने सांगतात. त्यासाठी चाकांवरचा लाकडी बैल रंगविताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांस ठाऊक असेल की, जाणता कारागीर एकदम रंगाच्या डब्यास हात घालीत नाही. तो प्रथम लाकूड घासतो, भेगांत लांबी भरतो, मग अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, एक हात देतो. आणि तो पुरता वाळल्यावरच खरा रंग लावतो. आज आमचे पुष्कळ विद्यार्थी प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून मोटारीची प्रतिकृती तयार करितात. तिलाही अस्तर हवे. मात्र बैलाचे अस्तर मोटारीस चालेलच, असे नव्हे.

याचे कारण पदार्थभेदात आहे. लाकूड सच्छिद्र असून रंग पिते. त्याची ही तहान भागविणे हे तेथे अस्तराचे मुख्य काम. उलट, या मोटारी बहुधा पॉलिस्टायरीन नामक प्लॅस्टिकच्या असतात. ते गुळगुळीत असून काहीच शोषीत नाही. म्हणून रंग त्यावर नुसता बसतो आणि नखानेही निघतो. येथे अस्तराने तीन कामे करावयाची असतात : पृष्ठभागास घट्ट धरणे, सर्व भागांचा वर्ण एकसारखा करणे आणि जोडातील उणिवा वेळीच उघड करणे.

या बाबतीत आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने दिवाळीचे पैसे साठवून अशी मोटार आणिली व अस्तराविषयी आम्हांस विचारले. आम्ही फारसा विचार न करता सांगितले की, घरच्या लोखंडी फाटकाचे उरलेले अस्तर थिनर घालून लाव. दुसऱ्या दिवशी त्याने मोटार वर्गात आणिली, तेव्हा छप्पर सुरकुतले होते व दारांच्या रेषा बुजून गेल्या होत्या. तीव्र थिनरने प्लॅस्टिकच विरघळविले होते. तो मुलगा एक शब्दही बोलला नाही. आम्हांस मात्र ते मौन फार लागले. तेव्हापासून आम्ही हा विषय नीट अभ्यासिला.

बाजारातील अस्तरे मुख्यतः तीन जातींची आहेत. पहिले पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक. त्यास वास थोडा, ते कुंचल्याने लावता येते व प्लॅस्टिकला अपाय करीत नाही. पण त्याची पकड काहीशी मऊ असते, म्हणून त्यास वाळावयास पुरेसा अवधी द्यावा. दुसरे एनॅमल. ते बळकट खरे, पण सावकाश वाळते. तिसरे लॅकर, जे बहुधा फवाऱ्याच्या डब्यात मिळते. त्यातील द्रव पृष्ठभागास किंचित विरघळवून त्यात रुततो, म्हणून त्याची पकड सर्वांत चांगली. परंतु हाच गुण अति झाला की दोष होतो. यास्तव लॅकर घ्यावयाचे तर प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींसाठीच केलेले घ्यावे व पातळ पातळ हात द्यावे. नवशिक्याने ॲक्रिलिकपासून आरंभ करावा, हे उत्तम. एनॅमलवर लॅकर कधीही मारू नये. खालचा थर सुरकुततो.

आता विश्वासू अस्तर ओळखावे कसे? डब्यावरील स्तुती वाचून नव्हे, तर परीक्षा घेऊन. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीस जोडलेले येतात, ती फेकू नये. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लाविलेल्या द्रव्याचा तेलकट अंश तिच्यावर राहिलेला असतो. तो साबण व कोमट पाण्याने धुवावा. वाळल्यावर एका तुकड्यास अस्तर लावून पूर्ण एक दिवस ठेवावे. मग तीन गोष्टी पाहाव्यात : प्लॅस्टिक मऊ पडले काय? नखाने थर निघतो काय? चिकटपट्टी दाबून झटकन ओढिली असता तिला रंग लागून येतो काय? तिन्ही उत्तरे ‘नाही’ अशी आली, तर वरचा रंगही त्याच तुकड्यावर लावून पाहावा. मगच मोटारीस हात लावावा.

अस्तराचा वर्णही विचारपूर्वक घ्यावा. राखाडी अस्तरावर ओरखडे चटकन दिसतात. लाल व पिवळा रंग पांढऱ्या अस्तरावर खुलतो. चकचकीत धातूसारख्या रंगाखाली काळे शोभते.

नागपूरचे हवामानही ध्यानी घ्यावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा फवाऱ्याचे थेंब वाटेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यातील दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. हिवाळ्यातील कोरडी दुपार या कामास उत्तम.

पालकांस दोन शब्द. फवारा उघड्या जागी, विस्तवापासून दूर व वडीलधाऱ्यांच्या देखत मारावा. माळ्यावरचे जुने डबे मुलांच्या हाती देऊ नयेत. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे असू नये, हा भारत सरकारचा नियम २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. त्यापूर्वीच्या डब्यांची खात्री देता येत नाही.

आमच्या कपाटात आता अशा परीक्षिलेल्या तुकड्यांची एक पेटी आहे. प्रत्येकावर अस्तराचे नाव व तारीख लिहिलेली आहे. पहिला तुकडा त्याच विद्यार्थ्याने आणून दिला. ज्यास हवी त्याने ती पेटी पाहावी, आणि आपलाही एक तुकडा तीत ठेवावा.