शस्त्रक्रियेनंतरचे पथ्य : मतभेद कोठे, एकमत कोठे?

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमापाशी वसलेले भामरागड हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पर्लकोटेला पूर आला की या गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटावा, असे आजवर अनेक पावसाळ्यांत घडले आहे. येथून जवळच हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया बांधवांच्या सेवेसाठी तेथे दवाखाना उभा केला. या भागातील वैद्यकाचा सामना मुख्यतः हिवताप, रक्तक्षय आणि कुपोषण यांच्याशी होत आला. अशा ठिकाणी वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर साधे आहे. अशी शस्त्रक्रिया मोठ्या शहरातील रुग्णालयात होते. परंतु रुग्ण त्या रुग्णालयात राहतो तो थोडेच दिवस. पुढचे सारे आयुष्य त्याला आपल्या घरीच काढावयाचे असते. तालुक्याच्या गावी नोकरी करणारा एखादा शिक्षक, पोलीस कर्मचारी वा व्यापारी नागपूर, पुणे किंवा मुंबई येथे शस्त्रक्रिया करवून परतला, तर पुढील पथ्य त्याला गावच्या आठवडी बाजारातून आणि घरच्या चुलीवरूनच साधावे लागेल. त्याच्या हाती रुग्णालयाने दिलेला आहाराचा कागद असतो. दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या परिचिताच्या कागदावर मात्र निराळेच लिहिलेले असते. मग विश्वास कोणत्या कागदावर ठेवावा?

शस्त्रक्रिया काय करते

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली स्थूलतेवरील उपचार म्हणून गॅस्ट्रिक बायपासचा पाया घातला. या शस्त्रक्रियेच्या आजच्या प्रचलित पद्धतीत जठराच्या वरच्या भागाची सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांइतकी, लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दुसरी रूढ पद्धत म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग काढून टाकून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवली जाते. २०१७ साली इजिप्तमधून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलेल्या अतिस्थूल महिलेवर हीच शस्त्रक्रिया झाली होती आणि तेव्हापासून हा विषय आपल्याकडे घरोघरी पोहोचला.

या दोन्ही पद्धतींमुळे अन्न मावण्याची जागा कमी होते आणि भूक व तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या आतड्यातील स्रावांतही बदल होतो. बायपासमध्ये याखेरीज लोह, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व यांच्या शोषणातही उणेपणा येतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याला तीन गोष्टी साधावयाच्या असतात : ताज्या शिवणीवर ताण येऊ न देणे, लहान झालेल्या जागेतून शरीराला पुरेशी प्रथिने व पाणी पोहोचविणे, आणि जीवनसत्त्वांची कायमची तूट भरून काढणे.

पायऱ्या सारख्या, दिवस निराळे

जवळजवळ सर्वच रुग्णालये आहाराच्या पायऱ्या एकाच क्रमाने चढावयास सांगतात. पहिले एक-दोन दिवस पाणी, पेजेवरची निवळ, गाळलेले सार असे पारदर्शक पातळ पदार्थ. त्यानंतर दूध, ताक, प्रथिनांची पूड मिसळलेले पेय असे सर्व प्रकारचे द्रव. मग घोटून एकजीव केलेले अन्न, त्यापुढे मऊ अन्न आणि सरतेशेवटी, बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी, नेहमीचे अन्न अल्प प्रमाणात.

मतभेद सुरू होतात ते दिवस मोजताना. कोणी द्रव आहार एक आठवडा पुरेसा मानतात, कोणी दोन आठवडे सांगतात, तर कोणी त्याहूनही अधिक. एका कागदावर दूध पहिल्या आठवड्यातच असते, तर दुसऱ्यावर ते पुढे ढकललेले असते. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे असे बहुतेक सांगतात. काही मात्र केवळ जेवणानंतरच्या अंतराचा आग्रह धरतात. प्रथिनांचे प्रमाण कोणी दिवसाला किमान ६० ग्रॅम लिहितात, कोणी ६० ते ८०, तर कोणी आदर्श वजनाच्या दर किलोमागे एक ते दीड ग्रॅम असा हिशेब देतात.

हे भेद पाहून रुग्ण गोंधळतो आणि 'डॉक्टरांचेच एकमत नाही, तर आपण मनाप्रमाणे खाल्ले म्हणून काय बिघडले?' असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष चुकीचा तर आहेच, शिवाय घातकही आहे.

भेद का पडतात

पहिले कारण शस्त्रक्रियेच्या प्रकारात आहे. स्लीव्हनंतर अरुंद नळीत दाब अधिक असतो व ओकारीची प्रवृत्ती असते. बायपासनंतर गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरून घाम, धडधड, घेरी व जुलाब होण्याचा संभव अधिक असतो. दुसरे कारण रुग्णाच्या प्रकृतीत आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा दूध न पचणे यांनुसार कागद बदलावाच लागतो. तिसरे कारण असे की, द्रव आहार नेमका किती दिवस असावा याविषयी सर्वांना बांधील ठरावे असे निर्णायक संशोधन झालेले नाही. तेथे प्रत्येक शल्यविशारद आपल्या अनुभवाप्रमाणे कमी-अधिक सावधगिरी बाळगतो. चौथे कारण म्हणजे अनेक कागदांचे मूळ परदेशी आहे. तेथील पदार्थांची जागा आपल्याकडे कशाने भरावी, हे ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरविले आहे.

म्हणून नियम असा की, ज्या रुग्णालयाने शस्त्रक्रिया केली त्याचाच कागद रुग्णाने प्रमाण मानावा. जठरावर कोठे व कशी शिवण घातली, हे त्यांनाच ठाऊक असते. दोन कागदांतील सोयीच्या तेवढ्या ओळी निवडून तिसरा कागद तयार करणे हा सर्वांत वाईट मार्ग होय.

जेथे मतभेद नाही

काही गोष्टींत मात्र सर्व कागद एक आहेत. पाणी घोटाघोटाने, परंतु दिवसभर प्यावे. एकूण द्रव दीड लिटरच्या खाली जाऊ नयेत. घास लहान असावा व पूर्ण चावून खावा. ताटातील प्रथिने आधी, भात-भाकरी नंतर. साखरेची व वायुयुक्त पेये वर्ज्य. जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी हे आयुष्यभराचे व्रत आहे. तंबाखू बंद, मग ती विडीतून असो वा आपल्या विदर्भातील खर्ऱ्यातून. धूम्रपानामुळे बायपासच्या जोडापाशी व्रण होतात, हे सिद्ध झाले आहे. अंगदुखीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत, कारण त्यांतील अनेकींमुळे तेथेच व्रण होतो. मद्य तर या रुग्णांच्या रक्तात लवकर आणि अधिक प्रमाणात चढते. तेव्हा 'पूर्वी एवढी मोहाची घेत होतो' हा हिशेब आता लागू पडत नाही.

भामरागडच्या चुलीवर

कागदावर पनीर, ओट्स आणि परदेशी प्रथिन-पूड लिहिलेली असेल आणि बाजारात त्यांपैकी काहीही मिळत नसेल, तर निराश होण्याचे कारण नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम, अर्धा लिटर दुधात सुमारे १६ ग्रॅम आणि ४० ग्रॅम मुगाच्या डाळीत ९ ते १० ग्रॅम प्रथिने असतात. तीन अंडी, नदीची शंभर ग्रॅम मासळी, अर्धा लिटर दूध आणि मूठभर डाळ एवढ्यात ६० ग्रॅमचा हिशेब पुरा होतो. अर्थात हे नेहमीच्या आहाराची पायरी गाठल्यावर आणि पाच-सहा वेळांत विभागून. मासळी शिजवून काटे काळजीपूर्वक काढावेत आणि सुरुवातीला ती हाताने कुस्करून घ्यावी.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. वरणाचे पाणी, तांदळाची पेज किंवा कोसरीची आंबील ही रुग्णाची परंपरागत पथ्ये होत. त्यांतून पाणी आणि थोडी शक्ती मिळते. परंतु प्रथिने फारच थोडी मिळतात. सुरुवातीचे एक-दोन दिवस ती ठीक. त्यानंतर केवळ त्यांवर विसंबल्यास वजन घटेल, पण ते मांसपेशी झिजून घटेल. साय काढलेल्या दुधाच्या शंभर ग्रॅम भुकटीत सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने असतात आणि ती कोरड्या डब्यात टिकते. ज्यांना दूध पचते, त्यांच्यासाठी पावसाळ्यात हा भरवशाचा आधार आहे.

रानातील काही पदार्थांविषयी विशेष सावधगिरी हवी. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, तंतुमय असल्याने पहिल्या काही महिन्यांत नकोत. मोहफुलांत साखर विपुल असते, म्हणून ती बायपासच्या रुग्णाला बाधू शकतात. तेंदूच्याच डायोस्पायरॉस प्रजातीतील जपानी फळ जठरावर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पोटात घट्ट गोळा बनून अडकते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यातील तुरट द्रव्य त्यास कारणीभूत होते. तेव्हा उन्हाळ्यात तेंदूची फळे, विशेषतः कच्ची किंवा सालीसकट, या रुग्णाने न खाणेच शहाणपणाचे.

पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत धान्य पोहोचवून ठेवण्याची रीत या जिल्ह्यात आहे. रुग्णानेही तीच दृष्टी ठेवून जूनपूर्वी चार महिन्यांच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात. शस्त्रक्रियेची तारीख ठरवितानाच, पहिले दोन महिने ऐन पुराच्या काळात येणार नाहीत, एवढा विचार करावा.

ओकारी : सर्वांत मोठा इशारा

पथ्यभेदाच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते. आणि तीच प्राणाशी निगडित आहे. ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायामिनचा, शरीरातील साठा अवघा दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर वारंवार ओकाऱ्या होत राहिल्या तर तो संपतो आणि मेंदूला इजा पोहोचते. डोळ्यांना दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे होत. उपचारास विलंब झाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

अशा रुग्णाला अशक्तपणा आला म्हणून कोणी केवळ ग्लुकोजचे सलाईन लावले, तर उरलेसुरले थायामिनही खर्ची पडून प्रकृती अधिक बिघडते. म्हणून थायामिनचे इंजेक्शन आधी, निदान बरोबरीने तरी, द्यावयास हवे. हे इंजेक्शन स्वस्त आहे. उणीव असते ती आठवणीची. रुग्णाने आपल्या शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, रुग्णालयाचा दूरध्वनी आणि 'ग्लुकोजपूर्वी थायामिन' हे चार शब्दांचे टिपण सदैव जवळ ठेवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर ते पहिल्याप्रथम दाखवावे.

दिवसभर ओकारी न थांबणे किंवा पाणीही पोटात न राहणे याचा अर्थ पथ्य चुकले एवढाच घेऊ नये; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात वा खांद्यात तीव्र वेदना, दम लागणे, नाडी फार जलद चालणे यांपैकी काहीही झाले, तर शिवण उसवल्याचा संशय घेऊन १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी घरगुती उपायांत एक तासही दवडू नये.

एकाचे पथ्य दुसऱ्याला नको

येथे दुसऱ्या एका रुग्णाचाही विचार केला पाहिजे. अंतर्गळाची शस्त्रक्रिया झालेला, मुळातच कृश असलेला माडिया शेतकरी आणि वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेला नोकरदार हे एकाच गावात, कदाचित एकाच गल्लीत बरे होत असतील. शस्त्रक्रियेनंतर वायू सरेपर्यंत कित्येक दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. डेन्मार्कचे शल्यविशारद डॉ. हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात पुढे मांडलेल्या विचारानुसार बहुतेक रुग्णांना चोवीस तासांच्या आतच तोंडाने अन्न देण्यास आरंभ करतात. कृश शेतकऱ्याची जखम भरून येण्यास भात, डाळ, अंडी, मासळी यांचे पोटभर जेवण हवे. शेजाऱ्याचे 'चमचा-चमचा खा' हे पथ्य त्याने उचलले, तर त्याचे नुकसानच होईल. उलट, शेतकऱ्याला मायेने म्हटलेले 'पोटभर जेव' हे शब्द त्या शेजाऱ्याच्या पानाशी म्हणता कामा नयेत.

आपल्याकडे आजाऱ्याला आग्रह करून वाढणे ही प्रेमाची खूण मानली जाते. या रुग्णाच्या बाबतीत ते प्रेम निराळ्या रीतीने दाखवावे लागेल. पान लहान घ्यावे, जेवणाला अर्धा तास द्यावा, 'पुरे' हा शब्द पहिल्यांदा ऐकताच वाढणे थांबवावे आणि गोळ्यांची आठवण द्यावी. शहरातील शल्यविशारदाचे काम काही तासांत पुरे होते. ते तडीस नेण्याची जबाबदारी घरातील स्वयंपाक करणाऱ्या हातांवर, आशाताईंवर आणि आरोग्य केंद्रातील डॉक्टरांवर असते. पथ्याच्या कागदांत दिवसांचा फरक राहणारच. घोटाघोटाने पाणी, आधी प्रथिने, आयुष्यभर गोळ्या आणि ओकारीकडे दुर्लक्ष नको, या चार गोष्टींत मात्र मुंबई आणि भामरागड यांच्यात काही फरक नाही.